गुलामगिरी ‘आली’, पण आणली कोणी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील आरंभीच्या इंग्रज वसाहतींविषयी जो दीर्घ लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला पूर्ण पान मिळाले याचा आनंद झाला. व्हर्जिनियातील जेम्सटाउन या आरंभीच्या इंग्रज वसाहतीच्या उपासमारीचे वर्णनही त्यात चांगले उतरले आहे. पत्र लिहिण्यास कारण झाला तो लेखाच्या मध्यावरचा एक परिच्छेद. ‘१६१९ मध्ये एक डच जहाज वीस गुलाम घेऊन आले आणि अमेरिकेत गुलामगिरी आली, तंबाखूबरोबर ती रुजली, कापसाबरोबर फोफावली, त्या काळची रीतच तशी होती,’ असे तेथे म्हटले आहे. मी शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला आणि शिक्षक कमी पडत तेव्हा मराठीचे तासही घेतले. ‘आली’, ‘रुजली’, ‘फोफावली’ अशी तीन अकर्मक क्रियापदे ओळीने दिसली, की ‘कर्ता कोण?’ असे विचारण्याची सवय अजून सुटलेली नाही. या वाक्यांत कर्ता म्हणून एक जहाज उभे आहे आणि त्याच्यामागे तंबाखूचे झुडूप. वास्तविक व्हर्जिनियात कोणी, कोणत्या साली, कोणत्या खटल्यानंतर आणि कशाच्या धास्तीने कोणते कलम मंजूर केले, हे सांगणारे कायदे व न्यायालयीन नोंदी आजही वाचता येतात. कर्ते सापडत नाहीत अशी अडचण येथे मुळीच नाही.

प्रथम जहाजाविषयी. १६१९ च्या ऑगस्टअखेर चेसापीक उपसागराच्या मुखाशी, पॉइंट कम्फर्ट येथे जे जहाज लागले ते ‘व्हाइट लायन’, आणि ते इंग्रज होते. त्याच्यापाशी डच परवाना होता; म्हणजे नेदरलँड्सच्या शत्रूंची जहाजे लुटण्याची लेखी मुभा होती. लेखकाची चूक मात्र जुनी आहे, कारण मूळ पत्र लिहिणाऱ्या जॉन रॉल्फनेच त्याला डच युद्धनौका म्हटले. हाच रॉल्फ व्हर्जिनियात विक्रीयोग्य तंबाखू पिकवणारा आणि पोकाहाँटसचा नवरा. त्याने लिहिले की जहाजावर ‘वीस आणि काही’ निग्रो होते आणि गव्हर्नर व वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा मुख्य व्यापारी यांनी त्यांना शिधासामग्रीच्या बदल्यात घेतले. ही माणसे ‘साओ जोआओ बाउतिस्ता’ या पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली होती. ते जहाज सुमारे ३५० बंदिवानांना अंगोलातील लुआंडाहून मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदराकडे नेत होते, आणि त्या बंदिवानांपैकी बहुतेक एन्डोंगो राज्यावर पोर्तुगीजांनी केलेल्या स्वाऱ्यांत पकडले गेले होते. म्हणजे पोर्तुगीजांनी पकडलेली माणसे इंग्रजांनी वाटेत लुटली आणि दुसऱ्या इंग्रजांनी धान्य देऊन घेतली. लेखातील ‘जहाज आले’ या दोन शब्दांत एवढे व्यवहार बुडाले आहेत. शिवाय आजच्या अमेरिकेच्या भूमीवर आफ्रिकी गुलाम उतरण्याची ही पहिली वेळही नव्हे. १५२६ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर स्पॅनिशांनी वसवलेल्या आणि काही महिन्यांतच मोडलेल्या सान मिगेल दे ग्वाल्दापे या वसाहतीत गुलामांनी उठाव केल्याची नोंद आहे. १६१९ हे वर्ष इंग्रज वसाहतींच्या संदर्भात महत्त्वाचे आहे, आणि तेवढेच म्हणावे.

या माणसांपैकी काहींची नावे टिकली आहेत. १६२५ च्या आरंभी व्हर्जिनियात घरोघरची मोजदाद झाली. कोणाकडे किती मका, किती बंदुका, किती दारूगोळा, किती डुकरे आणि किती नोकर, असा तो तपशील आहे. आपल्याकडच्या जुन्या झडतीपत्रकांची आठवण व्हावी असा. जेम्सटाउनमधील कॅप्टन विल्यम पिअर्स याच्या घरच्या नोकरांत सतरा वर्षांचा एक इंग्रज मुलगा आहे. त्याचे नाव, वय आणि ज्या जहाजाने तो आला त्याचे नाव असे सगळे नोंदले आहे. त्याच यादीत ‘अँजेलो, निग्रो स्त्री, ट्रेझरर जहाजाने’ अशी एक ओळ आहे. वय नाही, आडनाव नाही. ‘ट्रेझरर’ हे ‘व्हाइट लायन’चे जोडीदार जहाज, आणि ही अँजेलो म्हणजे आज अँजेला म्हणून ओळखली जाणारी स्त्री. एलिझाबेथ सिटीच्या यादीत अँथनी आणि इसाबेला हे दोघे व त्यांचा विल्यम नावाचा बाप्तिस्मा झालेला मुलगा आहे. गुलामांना जहाजात चढवण्यापूर्वी लुआंडात पोर्तुगीज पाद्री घाऊक बाप्तिस्मा देत, त्यामुळे गोवा-वसईच्या वाचकाला ही नावे शेजारच्या वाड्यातली वाटतील. बाकीच्या आफ्रिकींना बहुधा नावही मिळालेले नाही. ‘निग्रो पुरुष’ आणि ‘निग्रो स्त्रिया’ अशी नुसती संख्या मांडली आहे. त्या मोजणीत संपूर्ण वसाहतीत आफ्रिकी माणसे होती २३.

वसाहतीचा गाडा तेव्हा मुख्यतः इंग्लंडमधून आलेल्या करारबद्ध नोकरांवर चालत होता. प्रवासभाड्याच्या बदल्यात साधारण चार ते सात वर्षे धन्याकडे राबायचे, पोटाला आणि अंगाला मिळायचे, मुदत संपली की मोकळे. रत्नागिरीकडून मॉरिशसला गेलेल्या आपल्या लोकांच्या कराराची कल्पना ज्यांना आहे त्यांना हे समजण्यास जड जाणार नाही. १६१८ पासून कंपनीने नियम केला की जो कोणी स्वखर्चाने माणूस आणील त्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळेल. परिणामी नोकर हा मजूरही झाला आणि जमिनीचा दाखलाही. (या दाखल्यांत एक नोंद मराठी वाचकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. १६३५ मध्ये जॉर्ज मेनेफी या जमीनदाराने ज्यांच्या नावावर एकर मागितले त्यांत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असा एक माणूस आहे.) जमीन कोणाची, हा प्रश्न कंपनीच्या कागदात येत नाही. ती पॉव्हाटन संघातील मूलनिवासी जमातींची होती. तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस काढते, मग पुढची जमीन मोडावी लागते. नदीकाठचे मळे असे पुढे सरकत राहिले आणि २२ मार्च १६२२ रोजी या जमातींचा प्रमुख ओपेचॅन्कॅनो याच्या नेतृत्वाखाली झालेल्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले. आपल्या लेखात हा ‘रानटी टोळ्यांचा हल्ला’ आहे. त्या शब्दाबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल.

तंबाखूचे पीक माणसाला किती राबवते हे निपाणीच्या बाजूच्या शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. तरवा टाकणे, रोपे लावणे, भांगलणे, शेंडा खुडणे, शेंडा खुडला की पानांच्या बेचक्यांत येणारे फुटवे पुन्हा पुन्हा काढणे, अळी वेचणे, पाने वाळवणे, मग बांधाबांध. यांतले बरेचसे काम हाताने आणि रोज करावे लागते, म्हणून मळेवाल्याला नांगरापेक्षा माणसे अधिक हवी असत. तरीही पहिल्या तीस-चाळीस वर्षांत त्याने आफ्रिकी माणसे मोठ्या संख्येने घेतली नाहीत, आणि त्याचे कारण दयाबुद्धी नव्हते. हिवताप, आव आणि उपासमार यांनी आलेली माणसे वर्ष-दोन वर्षांतच मरत. ज्याचा पाच वर्षांचाही भरवसा नाही त्याच्या जन्मभरासाठी दुप्पट दाम कोण मोजील? मृत्यूचे प्रमाण उतरले, इंग्लंडमध्ये मजुरी वाढून तेथून येणारे नोकर आटले, आणि १६७२ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीला सनद मिळून गुलामांचा पुरवठा सुकर झाला, तेव्हा हिशेब उलटला. गव्हर्नर बर्कलीने १६७१ मध्ये लंडनला कळवलेले आकडे असे होते: वसाहतीत एकूण ४०,००० माणसे, त्यांत ६,००० ख्रिस्ती करारबद्ध नोकर आणि २,००० काळे गुलाम. म्हणजे ‘तंबाखूबरोबर रुजली’ म्हणावे तर तंबाखू रुजून पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी गोरे नोकर काळ्या गुलामांच्या तिप्पट होते. त्या पन्नास वर्षांत जे घडले ते शेतात कमी आणि न्यायालयात व विधिमंडळात अधिक घडले.

याच ठिकाणी लेखकाच्या आणखी एका विधानाचा समाचार घेतो. ‘गोरे मजूरही गुलामच होते’ असे त्यांनी लिहिले आहे आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतही ते वारंवार दिसते. गोऱ्या नोकरांचे हाल खरे आहेत. त्यांची विक्री होई, त्यांना फटके बसत, पळून गेल्यास मुदत वाढे, आणि पुष्कळांना मुदत संपण्याआधीच मरण येई. पण मुदत होती, न्यायालयात तक्रार करण्याचा हक्क होता, आणि नोकराचे मूल जन्मतः कोणाची मालमत्ता ठरत नव्हते. हा फरक किती होता हे १६४० च्या एका निकालात दिसते. ह्यू ग्विन नावाच्या धन्याकडून तीन नोकर पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. एक डच व्हिक्टर, दुसरा स्कॉटिश जेम्स ग्रेगरी, तिसरा आफ्रिकी जॉन पंच. गुन्हा एकच आणि तिघांना फटकेही सारखेच, तीस-तीस. त्यानंतर पहिल्या दोघांची मुदत एकूण चार वर्षांनी वाढवण्यात आली, आणि जॉन पंचने ‘नैसर्गिक आयुष्य असेपर्यंत’ आपल्या धन्याची किंवा त्याच्या वारसांची चाकरी करावी असा हुकूम झाला. ‘तो निग्रो आहे’ एवढे नमूद करण्यापलीकडे या फरकाचे कारण निकालपत्रात दिलेले नाही. गोरे मजूरही गुलामच होते, तर मग न्यायालयाला या दोन शिक्षा वेगळ्या कशा वाटल्या, याचे उत्तर लेखकाने द्यावे.

लेखातील चौकटीत ‘अमेरिकेतील पहिला गुलाममालक काळा होता’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. त्यात अँथनी जॉन्सनचे नाव आहे, पण त्याची हकीकत अर्धीच सांगितली आहे. हा माणूस १६२१ मध्ये ‘अँटोनिओ, निग्रो’ म्हणून व्हर्जिनियात उतरला. पुढच्याच वर्षीच्या हल्ल्यात तो ज्या मळ्यावर होता तेथील बहुतेक माणसे मारली गेली आणि वाचलेल्या मोजक्यांत तो होता. पुढे तो मोकळा झाला, मेरी नावाच्या आफ्रिकी स्त्रीशी त्याने लग्न केले, चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर गुरे पाळली आणि १६५१ मध्ये पाच माणसांच्या दाखल्यावर २५० एकर जमीन मिळवली. १६५३ मध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली तेव्हा न्यायालयाने त्याच्या बायकोला आणि मुलींना जन्मभर करमाफी दिली. जॉन कॅसर या आफ्रिकी माणसाने आपली मुदत केव्हाच संपली असे म्हणून रॉबर्ट पार्कर या गोऱ्या शेजाऱ्याचा आश्रय घेतला, जॉन्सनने दावा लावला, आणि १६५५ मध्ये न्यायालयाने कॅसरला जॉन्सनच्या ताब्यात परत दिले. हे सर्व खरे आहे आणि लपवण्याचे कारण नाही. मात्र कॅसरच्या पंधरा वर्षे आधी जॉन पंचला जन्माची चाकरी लागली होती, म्हणून ‘पहिला’ हा शब्द टिकत नाही.

पण चौकट जेथे थांबते तेथूनच ही हकीकत महत्त्वाची होऊ लागते. जॉन्सन कुटुंब १६६५ च्या सुमारास मेरीलँडला गेले आणि १६७० मध्ये अँथनी वारला. त्याने व्हर्जिनियात मुलाच्या नावे ठेवलेल्या पन्नास एकर जमिनीचा प्रश्न ज्यूरीपुढे आला, तेव्हा निर्णय झाला की अँथनी जॉन्सन ‘निग्रो होता आणि म्हणून परका’, सबब त्याची जमीन वारसाला जात नाही. ज्या वसाहतीने १६५१ मध्ये त्याला जमीनदार म्हणून नोंदले आणि १६५३ मध्ये शेजारी म्हणून सवलत दिली, तिने वीस वर्षांत त्याला परका ठरवले. पन्नास वर्षांच्या वहिवाटीपेक्षा कातडीचा रंग वरचढ ठरला. पहिल्या आणि दुसऱ्या निकालाच्या मध्ये कायदा बदलत गेला होता. जॉन्सनच्या नातवाने १६७७ मध्ये मेरीलँडमध्ये ४४ एकरांचा तुकडा घेतला आणि त्याला नाव ठेवले ‘अंगोला’.

आता त्या कायद्याकडे येतो, कारण सगळ्याचे मूळ तेथे आहे. एलिझाबेथ की ही १६३० च्या सुमारास जन्मलेली मुलगी. बाप टॉमस की इंग्रज, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाचा सभासद. आई आफ्रिकी, गुलाम. बापाने मरण्यापूर्वी तिला नऊ वर्षांसाठी एका ओळखीच्या इंग्रजाकडे सोपवले आणि त्यानंतर ती मोकळी व्हावी असे ठरवले. प्रत्यक्षात ती दुसऱ्या धन्याकडे गेली, नऊची एकोणीस वर्षे झाली, आणि १६५५ मध्ये तो धनी वारल्यावर त्याच्या मालमत्तेच्या यादीत ती गुलाम म्हणून चढवली गेली. तिने दावा लावला. तिचे म्हणणे विल्यम ग्रिन्स्टेड या तरुण इंग्रजाने मांडले. तो त्याच घरी करारबद्ध होता, त्याला कायद्याचे ज्ञान होते आणि तो तिच्या मुलाचा बाप होता. मुद्दे तीन होते: बाप स्वतंत्र इंग्रज आहे आणि इंग्लंडच्या रूढ कायद्यात मूल बापाच्या दर्जाचे असते, तिचा बाप्तिस्मा झालेला आहे, आणि तिची मुदत केव्हाच सरली आहे. खालच्या न्यायालयात ती जिंकली, वर निकाल फिरला, प्रकरण विधिमंडळाच्या समितीपर्यंत गेले, आणि अखेर १६५६ मध्ये ती मोकळी झाली. त्याच वर्षी ग्रिन्स्टेडशी तिचे लग्न लागले.

विधिमंडळाने या खटल्यापासून धडा घेतला, पण आपल्या पद्धतीने. डिसेंबर १६६२ मध्ये कायदा झाला. त्याची सुरुवात अशी की इंग्रज पुरुषापासून निग्रो स्त्रीला झालेले मूल गुलाम की स्वतंत्र, याविषयी काही शंका उपस्थित झाल्या आहेत. म्हणून या देशात जन्मणारी सर्व मुले आईच्या स्थितीप्रमाणेच गुलाम अथवा स्वतंत्र ठरतील. ‘काही शंका’ हे शब्द पाहावेत. शंका उपस्थित करणारी स्त्री मोकळी होऊन सहा वर्षे झाली होती आणि तिने ज्या दारातून बाहेर पाऊल टाकले ते दार आता बंद केले जात होते. वारसा बापाकडून यावा हे इंग्रजांनी शतकानुशतके मानले; येथे मात्र गाय ज्याची वासरू त्याचे हा गोठ्यातला नियम त्यांनी माणसांना लावला. त्याचा अर्थ मळेवाल्यांना नीट कळत होता. गुलाम स्त्रीवर धन्याने बळजबरी केली तर त्याच्यावर बालंट येणार नाहीच, उलट त्याच्या मालमत्तेत भर पडेल. या एका कलमाचे मोजमाप आकड्यांत करता येते. अटलांटिक ओलांडून अमेरिका खंडांत आणि बेटांवर जिवंत उतरलेल्या सुमारे १ कोटी ७ लाख आफ्रिकींपैकी उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट आले ते सुमारे ३ लाख ८८ हजार. १८६० मध्ये अमेरिकी संयुक्त संस्थानांत गुलामांची संख्या जवळजवळ ४० लाख होती. हे बहुतेक सगळे तेथेच जन्मलेले, आणि आई गुलाम होती म्हणून गुलाम.

एलिझाबेथच्या दुसऱ्या मुद्द्याचा निकाल १६६७ मध्ये लावण्यात आला: बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही. १६६९ मध्ये ठरले की शिक्षा करताना गुलाम मेला तर तो खून नव्हे, कारण कोणीही शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेचा जाणूनबुजून नाश करणार नाही. शाळेत मी हे वाक्य वाचून दाखवीत असे, आणि मुले दर वर्षी आधी हसत व मग गप्प होत.

१६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकनने गव्हर्नर बर्कलीविरुद्ध बंड केले आणि सप्टेंबरमध्ये जेम्सटाउन जाळले. या बंडाला गरिबांचा उठाव म्हणून गौरवण्याची एक तऱ्हा आहे. ती मला पटत नाही, कारण बेकनच्या लोकांनी प्रथम शस्त्रे चालवली ती सरहद्दीवरच्या जमातींवर, आणि त्यांतील काही तर इंग्रजांच्या मित्र होत्या. तथापि मोकळे झालेले पण जमीन न मिळालेले गोरे नोकर आणि काळे गुलाम यात एका बाजूने लढले ही गोष्ट खरी. अगदी शेवटपर्यंत शस्त्रे खाली ठेवण्यास नकार देणाऱ्या तुकडीत सुमारे ८० काळे आणि २० इंग्रज होते. मळेवाल्यांच्या मनात हे दृश्य राहिले असणार. गुलामांची संख्या वाढण्याची आर्थिक कारणे वर दिली आहेत, ती बंडाच्या आधीपासूनची आहेत. पण नंतरच्या कायद्यांची धाटणी पाहिली म्हणजे त्यांचा एक डोळा गोऱ्या नोकरावर होता हे लपत नाही. १६९१ मध्ये काळ्याशी वा मूलनिवासीशी लग्न करणाऱ्या गोऱ्याला वसाहतीतून हद्दपार करण्याचा कायदा झाला. १७०५ च्या संहितेत तर दोन्ही बाजू शेजारी शेजारी आहेत. गोऱ्या ख्रिस्ती नोकराला न्यायाधीशाच्या हुकुमावाचून उघड्या अंगावर फटके मारता येणार नाहीत. मुदत संपल्यावर त्याला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक द्यावी. त्याच वर्षी गुलामांना जमीनजुमल्यासारखी स्थावर मालमत्ता ठरवण्यात आले, आणि गुलामाच्या मालकीची म्हणून काही घोडी, गुरे वा डुकरे असतील तर ती जप्त करून विकावीत व पैसा त्या पॅरिशमधील (चर्चच्या हद्दीतील) गरिबांसाठी वापरावा, असे ठरले. अँथनी जॉन्सन ज्या गुरांच्या बळावर उभा राहिला, तीच ही गुरे. गरीब गोऱ्याच्या हाती बंदूक आणि मका आला तो असा.

उत्तरेकडच्या वसाहती स्वच्छ होत्या असा समज आपल्या लेखात नसला तरी त्यांचा उल्लेखही नाही. मॅसॅच्युसेट्सने १६४१ मध्ये, म्हणजे व्हर्जिनियाच्याही आधी, गुलामगिरी कायद्यात आणली, आणि तीही बंदीच्या भाषेत: आमच्यात कोणी गुलाम असणार नाही; अपवाद न्याय्य युद्धातील कैद्यांचा, आणि जे परके स्वतःला विकतील ‘किंवा आम्हाला विकले जातील’ त्यांचा. यांतला शेवटचा अपवाद एवढा रुंद आहे की त्यातून जहाज जावे. तीन वर्षांपूर्वीच ‘डिझायर’ नावाचे जहाज पीक्वॉट या मूलनिवासी जमातीशी झालेल्या युद्धातील कैद्यांना वेस्ट इंडीजकडे नेऊन विकून कापूस, तंबाखू व आफ्रिकी माणसे घेऊन बोस्टनला परतले होते. न्यू ॲम्स्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, डच कंपनीने १६२६ मध्ये आणलेल्या अकरा जणांना १६४४ मध्ये ‘अर्धे स्वातंत्र्य’ दिले. दर वर्षी धान्य आणि एक पुष्ट डुक्कर द्यावे, कंपनी बोलावील तेव्हा कामाला यावे, आणि त्यांची झालेली व होणारी मुले कंपनीचीच राहावीत, अशा अटी होत्या. दक्षिणेत कॅरोलायना तर बार्बाडोस या वेस्ट इंडीजमधील बेटाच्या मळेवाल्यांनी तयार कायदे गाठीला बांधूनच वसवली.

‘त्या काळची रीत’ या शब्दांना सर्वांत चोख उत्तर त्या काळच्या माणसांनीच दिले आहे. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील चार जणांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेला लेखी निवेदन दिले आणि विचारले, की तुम्हाला असे पकडून विकलेले चालेल काय? सभेने विषय ‘फार गहन’ म्हणून वर पाठवला आणि तो तेथेच पडून राहिला. जॉर्जियाच्या विश्वस्तांनी १७३५ मध्ये आपल्या वसाहतीत गुलामगिरीला बंदी केली होती. शेजारच्या कॅरोलायनाप्रमाणे आम्हालाही गुलाम हवेत म्हणून मळेवाल्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, डॅरियन येथील अठरा स्कॉटिश वसाहतवाल्यांनी १७३९ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला, आणि १७५१ पासून बंदी उठली. दोन्ही बाजूंचे अर्ज उपलब्ध असताना एक बाजू निवडली गेली, तर त्याला रीत कसे म्हणावे?

गुलामगिरी सगळीकडेच होती, हेही मला मान्य आहे, आणि आपल्याकडे नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायांच्या, खरेदी-विक्रीचे कागद आहेत आणि पोर्तुगीज गोव्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. पण एक तुलना दख्खनच्याच इतिहासातून करावीशी वाटते. अँजेलाचे नाव व्हर्जिनियाच्या यादीत लागले त्याच्या पुढच्या वर्षी, १६२६ मध्ये, मलिक अंबर वारला. हबशाणात (आजच्या इथिओपियात) जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, एका हातातून दुसऱ्या हाती जात अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचलेला हा माणूस धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा झाला, त्या राज्याचा कारभारी झाला आणि जहांगीर बादशहाला त्याने आयुष्यभर झुंजवले. त्याच्या मागे त्याचा मुलगा फत्तेखान वजीर झाला. सगळ्या हबशी गुलामांना असे नशीब लाभले नाही. तरी दख्खनमध्ये गुलामाच्या मुलाला वजिरी मिळू शकत होती, आणि व्हर्जिनियात १६६२ नंतर गुलाम स्त्रीच्या मुलाला, बाप विधिमंडळाचा सभासद असला तरी, गुलामगिरीच मिळत होती. ‘गुलामगिरी’ हा एकच शब्द दोहोंना लावला की हा फरक पुसला जातो. आणि ज्या भाषेत महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहून ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, त्या भाषेतल्या वृत्तपत्राने तरी हा शब्द जपून वापरावा, असे मला वाटते.

तेव्हा विनंती अशी की ‘डच जहाज’ आणि ‘पहिला गुलाममालक’ या दोन विधानांची दुरुस्ती आपण छापावी. लेखमालेचा पुढचा भाग येणार आहे असे शेवटी म्हटले आहे. त्यात चौकटीसाठी जागा असल्यास १६२५ च्या मोजदादीतील कॅप्टन पिअर्सच्या घरची यादी आहे तशी द्यावी, मका, बंदुका आणि नोकरांसह, अँजेलाच्या ओळीपर्यंत.

कळावे,
आपला एक जुना वाचक
(निवृत्त इतिहास शिक्षक, गडहिंग्लज)